ग्वाम, सुमाय आणि ‘इथले लोक’ म्हणजे नेमके कोण?

सागरगोटा:

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसले. तीन वर्षं ग्वामला राहून आम्ही नुकतेच पुण्याला परतलो. नवरा भूजलाचा अभ्यासक, तिथल्या विद्यापीठात त्याचं काम होतं. घर मांगिलाओ गावात. इथे कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, “हे नेमकं कुठे आलं?” फिलिपिन्सच्या पूर्वेला सुमारे अडीच हजार किलोमीटरवर, पॅसिफिकमध्ये. मुंबईएवढं बेट. २०२० च्या जनगणनेत वस्ती १,५३,८३६, त्यातले जेमतेम एक तृतीयांश मूळचे चामोरू. (यातला ‘च’ चमच्याचा म्हणा, चहाचा नको. आपल्याकडे दोन्ही ‘च’ असल्यामुळे आपल्याला ते नाव सहज जमतं, अमेरिकनांना जमत नाही.)

झेंडा अमेरिकेचा, चलन डॉलर, जन्मतः नागरिकत्व अमेरिकेचं. पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तिथल्या मताला किंमत नाही. लोक मतदान करतात, आकडे पेपरात छापून येतात, ते कुठल्याही बेरजेत धरले जात नाहीत. वॉशिंग्टनच्या सभागृहात त्यांचा एक प्रतिनिधी बसतो, बोलतो, पण कायदा मंजूर करताना त्याला मत नाही. संयुक्त राष्ट्रांकडे अजून स्वशासन न मिळालेल्या १७ प्रदेशांची यादी आहे, त्यात ग्वाम १९४६ पासून आहे.

हे सगळं मला जायच्या आधी वाचून माहीत होतं. समजलं ते शेजारच्या आजींमुळे. त्यांना आख्खी गल्ली ‘नानान बिहा’ म्हणायची. तिथे ‘नाना’ म्हणजे आई आणि ‘नानान बिहा’ म्हणजे आजी. कुणी लहान माणूस घरात आला की त्यांचा हात हातात घेऊन नाकाशी नेणार आणि ‘न्योरा’ म्हणणार. आमच्या लेकीने पहिल्याच आठवड्यात ते उचललं. इथे आल्यावर माझ्या सासूबाईंना वाकून नमस्कार करायच्या ऐवजी त्यांचा हात नाकाशी नेला तेव्हा त्या बावरल्या, मग त्यांना फार आवडलं.

आजींचा जन्म सुमायचा. सुमाय हे ओरोते नावाच्या भूशिरावरचं गाव, युद्धाआधी राजधानीच्या खालोखाल मोठं. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी बॉम्ब टाकले ते आधी तिथेच. माणसं रानात पळाली, गाव जपानी सैन्याने घेतलं. जुलै १९४४ मध्ये अमेरिकन परत आले, पण सुमायची माणसं घरी जाऊ शकली नाहीत. गावाच्या जागेवर अमेरिकेच्या नौदलाचा तळ झाला. गावकऱ्यांना वरच्या टेकडीवर सांता रिता इथे वसवलं. आजी तेव्हा चार-पाच वर्षांच्या असतील.

वर्षातून एक दिवस नौदल सुमायच्या लोकांना आत सोडतं. त्यांनी आम्हालाही नेलं. नावं आधी कळवायची, फाटकावर ओळखपत्रं, मग बस. आत चर्चच्या जागी एक क्रूस आणि थोडे अवशेष, शेजारी दफनभूमी. आजींनी आणलेली पांढऱ्या चाफ्याची फुलं आईवडिलांच्या आईवडिलांच्या थडग्यांवर वाहिली. मग माझा हात धरून त्या एका मोकळ्या गवताळ तुकड्याकडे घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “इथे आमची चूल होती.” तिथे काहीच नव्हतं, छान कापलेलं गवत होतं. त्या किती वेळ उभ्या होत्या सांगता येणार नाही, ऊन डोक्यावर आलं होतं आणि कुणीच ‘चला’ म्हणालं नाही.

याच आजी दरवर्षी २१ जुलैच्या मुक्तिदिनाच्या मिरवणुकीला अमेरिकेचा छोटा झेंडा घेऊन बसतात. त्यांचा भाऊ व्हिएतनामला लढून आला. हे दोन्ही त्यांच्या बाबतीत खरं आहे, आणि ज्यांनी त्या बेटावर राहून पाहिलं नाही ते यातलं एकच खरं धरून बोलतात.

आता मुद्दा. ग्वामने पुढे काय व्हायचं, अमेरिकेचं राज्य, अमेरिकेशी करार करून स्वायत्त देश, की पूर्ण स्वतंत्र, हे विचारायला सार्वमत घ्यायचं बरीच वर्षं चाललंय. ते अडलंय एकाच प्रश्नावर: विचारायचं कुणाला? ज्यांना कधीच विचारलं गेलं नाही त्यांना, की आज तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला? माझं मत मी सांगून टाकते. ज्यांच्याकडून घेतलं, आधी त्यांना विचारायला हवं. पण मी स्वतः तिथे पाहुणी होते, त्यामुळे इतरांचं ऐकायचं आहे.

---

दर्यावर्दी:

ताई, वाचून अंगावर काटा आला. ग्वामच्या आप्रा बंदरात मी चार वेळा तरी गेलो असेन. आमचं जहाज कंटेनरच्या धक्क्याला लागायचं, समोर पाण्यापलीकडे नौदलाच्या राखाडी बोटी. त्या जागी गाव होतं हे आज कळलं.

ग्वामचं नाव आम्हाला शिकवताना मॅगेलनच्या गोष्टीत यायचं. ६ मार्च १५२१ ला तो तिथे पोचला, त्याची माणसं भुकेने मरायला टेकली होती. बेटावरच्या लोकांनी एक होडी नेली. त्याने चाळीस-पन्नास घरं जाळली, सात माणसं मारली आणि बेटांना नाव दिलं ‘चोरांची बेटं’. पुढे कित्येक नकाशांत तेच नाव छापत राहिले. हा मॅगेलन आपल्या किनाऱ्याला परका नव्हता. १५०५ मध्ये तो आल्मेदाच्या पोर्तुगीज आरमारातून हिंदुस्थानात आलेला होता.

पण तुमच्या प्रश्नावर माझं मत वेगळं आहे. एक माणूस, एक मत. पन्नास वर्षं तिथे घाम गाळलेल्या फिलिपिनो कामगाराला ‘तू बाजूला थांब’ कसं सांगणार? माझ्या निम्म्या खलाशांची घरं फिलिपिन्समध्ये असतात, त्यांचे काका-मामा ग्वाममध्ये असतात. तळ बांधला कुणी? याच लोकांनी.

---

कलम३२:

दर्यावर्दी, तुमचं म्हणणं कोर्टाने आधीच मान्य केलंय, पण ज्या वाटेने केलं ती बघण्यासारखी आहे.

ग्वामच्या विधिमंडळाने मतदार ठरवले ‘ग्वामचे मूळ रहिवासी’, म्हणजे १९५० च्या कायद्याने ज्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ते आणि त्यांचे वंशज. डेव्हिस नावाच्या एका गोऱ्या रहिवाशाने दावा लावला. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की ही व्याख्या म्हणजे वंशाचाच आडपडदा आहे, आणि वंशावरून मताधिकार नाकारायला अमेरिकेच्या घटनेची पंधरावी दुरुस्ती मनाई करते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला. सार्वमत तिथेच राहिलं.

ही पंधरावी दुरुस्ती १८७० ची, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना मत मिळावं म्हणून झालेली. आणि ज्या घटनेचा आधार घेऊन चामोरूंना अडवलं, ती घटना त्यांना पूर्ण लागू होत नाही! १९०१ पासूनच्या निकालांची एक मालिका आहे, तिच्यातला एक मुख्य खटला प्युर्टो रिकोहून आलेल्या संत्र्यांवरच्या जकातीचा. त्यात कोर्टाने ठरवलं की असे प्रदेश अमेरिकेच्या मालकीचे असतात, पण अमेरिकेचा भाग नसतात, त्यामुळे घटनेतले कोणते हक्क तिथे पोचवायचे ते संसद बघेल. त्या निकालांत या लोकांच्या ‘परक्या वंशा’ची भाषा उघड आहे. ते निकाल आजही रद्द झालेले नाहीत. म्हणजे नाकारताना वंश चालला, परत मागताना चालत नाही. वकिलीत इतकी वर्षं काढूनही हे मला पचत नाही.

---

दर्यावर्दी:

हे माहीत नव्हतं. मग सरळ सगळ्यांना पूर्ण नागरिक करून टाकावं, राज्याचा दर्जा द्यावा, प्रश्न मिटला.

---

कलम३२:

तसं वाटतं खरं. पण अमेरिकन सामोआ बघा, पॅसिफिकमधलाच अमेरिकेचा दुसरा एक प्रदेश. तिथले लोक अमेरिकेचे ‘नागरिक’ नाहीत, फक्त ‘राष्ट्रीय’ आहेत, त्यांच्या पासपोर्टवर तसं छापलेलं असतं. काही सामोअन मंडळींनी नागरिकत्वासाठी दावा लावला. विरोधात कोण उभं राहिलं? अमेरिकन सामोआचं स्वतःचं सरकार! तिथली बहुतेक जमीन कुटुंबाच्या सामाईक मालकीची, ‘माताई’ म्हणजे कुळाच्या प्रमुखाच्या हाती. पूर्ण घटना लागू झाली तर समानतेच्या नावाखाली जमिनीचे हे नियम कोर्टात पडतील अशी त्यांना भीती. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचं म्हणणं उचलून धरलं, तेही त्याच १९०१ च्या कुप्रसिद्ध निकालांचा आधार घेऊन. ज्या निकालांनी कमी लेखलं त्यांच्याच आडोशाने जमीन वाचवायची वेळ या लोकांवर आलीय.

---

टिपणवही:

उत्तम धागा. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी, नाहीतर आपण ‘स्पॅनिश येण्याआधी सगळं आबादीआबाद’ असं धरून चालू.

जुन्या चामोरू समाजात वरचे आणि खालचे होते. खालच्यांना ‘मानाचांग’ म्हणत. त्यांना समुद्रात मासेमारीला जायची, होड्या बांधायची मुभा नव्हती. नदीतले मासे हाताने धरायचे. वरच्यांसमोरून जाताना वाकून जायचं. आपल्यापैकी कुणाला हे वाचून काय आठवेल ते मी वेगळं सांगायला नको. आणि ‘चामोरू’ हे नाव मुळात वरच्या वर्गाच्या ‘चामोरी’ या नावावरून आलं असं बरेच अभ्यासक मानतात.

हे मी चामोरूंच्या हक्काच्या विरोधात सांगत नाही. १६६८ मध्ये सान व्हितोरेस हा जेझुइट धर्मगुरू आला, चोरांच्या बेटांना स्पेनच्या राणीवरून मारियाना नाव मिळालं, आणि तीस वर्षांच्या आत लढाया आणि रोगराईने माणसं इतकी मेली की १७१० च्या मोजणीत चार हजारसुद्धा भरली नाहीत. वर-खाली सगळेच त्यात भरडले गेले. बेटाबेटांवरून माणसं हुसकून ग्वामला आणून गावठाणांत डांबली. दर्यातल्या त्यांच्या वेगवान होड्यांची विद्या पुढच्या शंभरेक वर्षांत नाहीशी झाली.

नंतर १८९८. जूनमध्ये अमेरिकेची ‘चार्ल्स्टन’ ही युद्धनौका आली, किल्ल्यावर तोफा डागल्या. बेटावरच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना युद्ध सुरू झाल्याची बातमीच नव्हती. ते सलामी समजले आणि उलट सलामी द्यायला दारू नाही म्हणून दिलगिरी सांगायला बोटीवर गेले. एका दिवसात मालक बदलला. स्पेनने ग्वाम अमेरिकेला दिलं आणि उत्तरेकडची मारियाना बेटं पुढच्या वर्षी जर्मनीला विकली. एकाच भाषेच्या, एकाच रक्ताच्या लोकांमध्ये तेव्हा पडलेली फाळणी आजही आहे.

---

सागरगोटा:

टिपणवही, मानाचांगबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत, माझ्या लेखात ते यायला हवं होतं.

भाषेचं एक सांगते. अमेरिकन नौदलाच्या राजवटीत, १९२२ मध्ये, शाळेत चामोरू बोलायला बंदी आली, चामोरू शब्दकोश गोळा करून जाळले. युद्धानंतरही शाळेत चामोरू शब्द तोंडातून गेला की शिक्षा. नानान बिहांनी ती भोगलीय. म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलांशी मुद्दाम इंग्रजीतच संसार केला. “त्यांना मार पडू नये एवढंच मनात होतं,” त्या म्हणायच्या. आज त्यांच्या मुलांना चामोरू कळतं, बोलता येत नाही.

१९७४ मध्ये चामोरूला इंग्रजीबरोबर राजभाषेचा दर्जा मिळाला. सरकारी शाळेत आता तास असतो. आमची लेक दुसरीत होती. एके दिवशी ओट्यावर बसून तिने आजींना आकडे म्हणून दाखवले: हाचा, हुगुआ, तुलु, फातफात, लिमा, गुनुम, फिती, गुआलु, सिगुआ, मानोत. आजी ऐकत राहिल्या. त्या आयुष्यभर उनु, दोस, त्रेस असंच मोजत आल्या. घड्याळ, पैसे, वय, सगळं स्पॅनिश आकड्यांत. स्पेनच्या राजवटीत मूळचे आकडेच वापरातून गेले, हे पुन्हा पुस्तकातून आणलेत. पुण्याची एक मुलगी चामोरू आजीला चामोरूत मोजायला शिकवत होती. “परत म्हण, सावकाश,” असं करत आजींनी दहापर्यंत पाठ केलं, आणि रात्री दहाला दार वाजवून मला विचारलं, सातला काय म्हणाली होती गं ती?

---

ऑकलंडकर:

मी इथे बावीस वर्षं आहे. आमच्या रस्त्यावर निम्मी घरं फिजीहून आलेल्या भारतीयांची. त्यांच्यामुळे मला ‘ज्यांचं मूळ त्यांना आधी विचारा’ हे वाक्य सहजासहजी म्हणता येत नाही.

१८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी साठ हजारांवर माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, फिजीच्या उसात नेली. त्यांच्या पणतवंडांना १९८७ च्या लष्करी उठावानंतर सांगितलं गेलं की हा देश तुमचा नाही, तुम्ही पाहुणे. माझ्या शेजारच्या काकांचं दुकान तेव्हा बंद पडलं, दोन सुटकेसा घेऊन ते इथे आले. त्यांना ‘भारतीय’ म्हटलं की ते म्हणतात, “मी फिजीचा.” यगोना हे फिजीचं पेय पितात, होळीला फगवा गातात. साम्राज्याने एकाची जमीन घेतली, दुसऱ्याला मजूर म्हणून आणलं आणि दोघांना समोरासमोर बसवून स्वतः निघून गेलं.

सागरगोटा ताई, तुमच्या आजींचं दुःख मी कमी लेखत नाही. पण त्या व्याख्येच्या बाहेर जो राहतो त्याचंही घर तिथेच असतं.

---

टिपणवही:

ऑकलंडकर, तुमच्या प्रश्नावर सगळ्यात खोल विचार मला पॅसिफिकमधल्याच न्यू कॅलिडोनियाच्या मूळच्या कनाक लोकांनी केलेला दिसतो.

फ्रान्सने १८५३ मध्ये ते बेट घेतलं. १८६४ पासून कैदी आणून सोडले. १८७१ च्या पॅरिसच्या उठावातले बंडखोर आणि अल्जीरियातल्या बंडातले कबाइलही तिथेच पाठवले. निकेल सापडलं, मग जावा आणि व्हिएतनामहून मजूर. कनाकांना राखीव तुकड्यांत ढकललं. १८७८ मध्ये आताई या सरदाराने बंड केलं. त्याचं शिर कापून पॅरिसला नेलं, ते २०१४ मध्ये परत मिळालं. १९३१ मध्ये पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनाच्या वेळी कनाक माणसं ‘नरभक्षक’ म्हणून लोकांना दाखवली. ‘कनाक’ हा शब्दसुद्धा फ्रेंचांच्या तोंडी शिवी होता. मूळ हवाई भाषेतला, अर्थ फक्त ‘माणूस’. त्यांनी तोच उचलून आपलं नाव केलं.

आणि इतकं भोगलेल्या या लोकांनी १९८३ मध्ये फ्रान्समधल्या नँव्हील-ले-रोश इथल्या बैठकीत काय मान्य करावं? की कैदी आणि मजूर म्हणून आणलेल्यांचे वंशज हेही ‘इतिहासाचे बळी’ आहेत, आणि भविष्य ठरवण्यात त्यांचाही वाटा आहे. हे दार कनाकांनी आतून उघडलंय. फ्रेंच सरकारने ते बाहेरून ढकललेलं नव्हतं.

त्यांचा आग्रह एवढाच की रोज नवे येणारे त्यात धरू नका. १९९८ च्या नूमेआ करारात म्हणून मतदारयादी गोठवली. तीन सार्वमतं झाली. २०१८ मध्ये स्वातंत्र्याच्या विरोधात ५६.७ टक्के, २०२० मध्ये ५३.३ टक्के. तिसरं डिसेंबर २०२१ मध्ये. कोरोनाने कनाक वस्त्यांत माणसं गेली होती, दुखवट्याचे दिवस होते, त्यांनी पुढे ढकलायची विनंती केली. पॅरिसने ऐकलं नाही, त्यांनी बहिष्कार घातला, आणि ९६ टक्के ‘नको’ असा निकाल लागला. मे २०२४ मध्ये दहा वर्षं राहिलेल्यांना प्रांतिक निवडणुकीत मत द्यायचा प्रस्ताव आला तेव्हा राजधानी नूमेआ पेटली. माणसं मेली, विधेयक मागे घ्यावं लागलं.

म्हणून दर्यावर्दींच्या ‘एक माणूस एक मत’ला माझं उत्तर: यादी कोण लिहितो आणि कोणत्या तारखेपर्यंत लिहितो, त्यावर सगळं आहे.

---

कुशावती:

उशिरा येतेय. मी सांग्याची, म्हणजे गोव्याची.

चामोरूंच्या घरातल्या नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, मेल्यावरचे रोझरीचे दिवस, व्हिनेगर, मिरची, हे वाचलं तर माझ्या ख्रिस्ती शेजारणीचं घर डोळ्यांसमोर येतं. भाषेचंही तसंच. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं, कोंकणी तीन वर्षांत सोडा. ती सुटली नाही, आम्ही आजही एक, दोन, तीन असंच मोजतो. तेवढ्यात आमचं नशीब म्हणायचं.

आणि यादीबद्दल: संयुक्त राष्ट्रांच्या ज्या यादीत ग्वाम आहे, त्या प्रकारात डिसेंबर १९६० च्या ठरावाने गोवाही घातला होता. आम्ही पुढच्याच वर्षी सुटलो. १६ जानेवारी १९६७ ला आम्हाला विचारलं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. फूल की दोन पानां. १,३८,१७० फुलाला, १,७२,१९१ पानांना. माझ्या आजोबांनी फुलाला दिलं, आजीने पानांना, आणि दोघं एकाच गाडीतून घरी आली. या संस्थळावर दोन्ही बाजूंचे लोक आहेत, ते मला उकरायचं नाही. पण विचारलं गेलं, याचं मोल ताईंचा लेख वाचताना कळलं.

आणखी एक. सुमायचं वाचून मी खूप वेळ थांबले. माझ्या आईचं माहेर कुर्डी. साळावली धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा सोमेश्वराचं देऊळ वर येतं, आणि आम्ही सगळे तिथे जातो. आई चिखलातून चालत जाऊन बरोबर एका जागी उभी राहते आणि म्हणते, “हांगा आमची रांदणी.” तुमच्या आजींचंच वाक्य. आमचं गाव पाण्यासाठी गेलं, आमच्याच सरकारने घेतलं, अर्ध्या दक्षिण गोव्याने ते पाणी प्यायलं. तरी आईचं दुखणं कमी होत नाही. तिथे फाटकावर ओळखपत्र दाखवून जायचं म्हणजे काय होत असेल.

---

सागरगोटा:

कुशावती, हे मी नानान बिहांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. कुर्डीचं नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग विचारलं, “तिच्या आईला तिथे कुणी किती वाजेपर्यंत थांबू देतं?” मी म्हटलं, अंधार पडेपर्यंत, कुणी हाकलत नाही.

ऑकलंडकर आणि टिपणवही, तुमच्या प्रतिसादांनी माझं मत थोडं हललं. ‘आधी’ मी सोडणार नाही. पण आधीच्यांना विचारल्यावर ते दुसऱ्यांना आत घेतात की नाही हे त्यांच्यावर सोपवलं, तर बहुधा घेतील असं मला आता वाटतं. आम्हाला त्या बसमध्ये घेतलंच होतं.

---

दर्यावर्दी:

ताई, पुढच्या महिन्यात जहाजावर चढतोय, पहिली फेरी बुसान–ग्वाम आहे. धक्क्यावरून सुमाय दिसेल का?

---

सागरगोटा:

आत जाता येणार नाही, पण दिसेल. तुमचा धक्का काब्रासवर, बंदराच्या उत्तर अंगाला. तिथून दक्षिणेला पाण्यापलीकडे लांबट भूशिर दिसतं ते ओरोते. त्याच्या आतल्या किनाऱ्यावर सुमाय होतं. सकाळी बघा, दुपारी फार चकाकतं.

---

दर्यावर्दी:

लिहून ठेवलं. पहाटेची पाळी मागून घेतो.